जुन्या सर्व्हरवर कोण फोन करतं?

२ नोव्हेंबर, रविवार
नवा टेलिफोन सर्व्हर सुरू केला. आमच्या दातांच्या दवाखान्याच्या अलेक्झांड्रियातल्या पाचही शाखांचे फोन आता इंटरनेटवरून त्याच्यावर येतील. जुनाही शेजारी चालूच ठेवला. वगदीसाहेबांना सांगितलं, खबरदारी म्हणून. त्यावर स्वागताचा आवाज इन्शिराहचा आहे. रेकॉर्डिंगची फाइल काढून घेता येते, पण फाइल फोन उचलत नाही.
साहेब म्हणाले, तुझ्या बायकोचा चाळिसावा दिवस होईपर्यंत राहू दे, मग बंद. चाळिसावा २० तारखेला. तोवर त्यांचं मन वळवीन.
जुन्याच्या सेटिंग्ज नव्यावर जशाच्या तशा उतरवल्या. आवाजाच्या येण्याजाण्याला राउटरवर फक्त वीस पोर्ट उघडे ठेवले. बाहेरच्यांना जितकी कमी दारं तितकं बरं.

५ नोव्हेंबर, सकाळी ९.१०
सीदी बिश्र शाखेची तक्रार. पेशंट हॅलो हॅलो करतो, आमच्याकडे शांतता. लगेच माझ्या मोबाइलवरून जुन्या नंबरावर फोन लावून पाहिला. तिचा आवाज स्वच्छ. म्हणजे दोष नव्यात. नव्याचा पासवर्ड माझ्याखेरीज फक्त शेर्वेतकडे. ही नेटवर्क इंजिनिअर सप्टेंबरात आली. जास्त हसते.

९ नोव्हेंबर
आज तीन मुके फोन. तिन्ही वेळी मी नेमका जुना सर्व्हर तपासत होतो. माझ्या वेळा तिला पाठ आहेत. उद्यापासून वेळा बदलणार.

१० नोव्हेंबर
बदलल्या. मुक्या फोनांनीही बदलल्या. पाळत आहे.

१३ नोव्हेंबर
गाल सुजलेली एक मुख्याध्यापिका स्वतःच येऊन थडकली. म्हणाली, दाढ माझी दुखतेय, वाचा तुमची का बसलीय? साहेब मला म्हणाले, पुढच्या गुरुवारपर्यंत हे थांबलं नाही तर तो जुना डबा मी स्वतः भंगारात देईन.
शेर्वेतने विचारलं, इंजिनिअरसाहेब, दोन्ही सर्व्हरना पोर्ट कुठले दिलेत? म्हटलं, योग्य तेच. एवढी चौकशी कशाला?

१७ नोव्हेंबर
तपासण्या वाढवल्या, आता दिवसाला वीस. मुके फोनही वाढले. साहेबांसाठी शेर्वेतविरुद्ध दोन पानी तक्रार लिहून ठेवली. भाषा संयमी.

२० नोव्हेंबर, गुरुवार
चाळिसावा. सकाळी कबरीवर जाऊन पाव वाटले. दुपारी ऑफिसात आलो तर शेर्वेत साहेबांसमोर बसलेली. तक्रार खिशातच ठेवली.
ती सांगत होती की दोन्ही सर्व्हर एकाच राउटरमागे आहेत आणि दोघांना तेच वीस पोर्ट दिलेत. जुन्यावर फोन आला की तो एक पोर्ट धरतो. त्याच वेळी नव्या सर्व्हरने तोच पोर्ट घेतला, तर राउटर पेशंटचा आवाज जुन्याकडे ढकलतो. नव्याला तिने वेगळे पोर्ट दिले. पाच मिनिटं लागली.
साहेबांनी विचारलं, अजून येतात का जुन्यावर फोन? ती म्हणाली, येतात की, रोज. बंद नका करू. साहेब म्हणाले, मग असू दे.
ते गेल्यावर तिने एक कागद माझ्यापुढे सरकवला. अठरा दिवसांत जुन्यावर दोनशे बारा फोन, सगळे एकाच मोबाइलवरून. ओळखीचा नंबर आहे का, म्हणाली.
नाही म्हटलं.
असेल कुणी जुना पेशंट, करू दे बिचाऱ्याला, असं म्हणून ती उठली.
मी म्हटलं, लक्ष ठेवतो त्याच्यावर.