पाचवं शील

विशाखाताईले जयभीम,

नशामुक्ती केंद्रातले सर म्हणतात, ज्याचे उपकार वाटतात त्याले पत्र लिह. सकाळपासून तीन कागद फाडले. उपकार कायचे? बुद्धपौर्णिमेले अख्ख्या अल्लीपूरसमोर, विहारात, तू माहे जोडलेले हात खाली केले. म्हणाली, "तोंडाले वास येऊन राह्यला. दारू न पिण्याचं पाचवं शील तू म्हणू नको."

त्या रागातच मी केंद्रात भरती झालो. तुले खोटी पाडायले गेलतो, सुधरायले नाई.

आता चार महिने झाले, थेंब नाई. केंद्रातून सुटल्यापासून दर रविवारी विहारात चार शीलं मोठ्यानं म्हणतो अन् पाचव्याले गप्प होतो. म्हटलं अन् परत पिलो तर? घरी येऊन चप्पल काढतो, दारूच्या गुत्त्यावर जायले घालतो, पुन्हा काढतो. सर म्हणतात, कशावर तरी श्रद्धा ठेव. माही श्रद्धा तुह्या नाकावर आहे.

म्हणून या रविवारी सासरहून विहारात येजो. आधी माहं तोंड हुंगजो. तू 'म्हण' म्हटलं तर पाचवं म्हणीन.

पण हे पत्र मी पेटीत टाकणार नाई. टाकलं तर तू खरंच येशीन.

चार शीलांचा तुहा भाऊ,
सुगत