घाटाचा दोरा

बाबा, पुण्याहून आपल्याकडे आता विमान येतं. चिपीच्या सड्यावर, त्या उघड्या कातळमाळावर उतरतं, आणि हवेत असतं जेमतेम तासभर. तुम्ही जन्मभर देवगड–कोल्हापूर एसटी चालवलीत, तेव्हा ही बातमी आधी तुम्हालाच सांगायची, पण तुम्हाला जाऊन पंधरा वर्षं झाली. गेल्या महिन्यात मी त्यात बसून आले. वेळ नीट मोजला, तुमचीच मुलगी आहे. घरातून विमानतळ दीड तास, तिथे ताटकळणं दोन तास, उड्डाण एक, चिपीहून आपल्या मिठबावला गाडीने आणखी दोन. झाले साडेसहा. तासाभराचं कौतुक मला कुणी सांगू नये.

मी सातवीत आहे. आई बांगडे तळतेय, तुम्ही ड्युटीवरून येऊन खाकी शर्ट खुंटीला लावताय. मी नकाशावर पट्टी ठेवून मिठबाव ते कोल्हापूर मोजते आणि ऐटीत सांगते, एवढ्याशा अंतराला तुम्ही फार वेळ लावता. "गो, मी काय कावळो आसंय, सरळ उडान जावक?" तुम्ही आईचा शिवणाचा दोरा ओला करता, फोंडा घाटाच्या एकेका वळणावर बोटाने दाबत बसवता, मग उचलून ताणता. दोरा कोल्हापूरच्या पुढे पानाबाहेर जातो. "आधी वळणां मोज, मगे माका शिकव." मी रुसून जेवले नाही. सकाळी तो दोरा काडेपेटीला गुंडाळून माझ्या दप्तरात ठेवलेला होता.

पुढे पुण्यात नोकरी लागली आणि तुमचीच शिकवण मी तुमच्यावर उलटवली. फोनवर म्हणायचे, बाबा, नऊ तास यायला, नऊ जायला, दोन दिवसांच्या सुट्टीत उरतं काय? तुम्ही आईला सांगायचात, "लांब आसा गो. तिका बोलव नको." शेवटच्या वर्षी दम लागून अंथरुणाला खिळलात, तरी हेच. मी आले ती थेट तुमच्या दिवसकार्याला. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

गेल्या महिन्यातल्या त्या खेपेला आईने चुलीपाशी विचारलं, "आता तासाभराचा तर आसा, मगे येत कित्याक नाय?" मी बोटांवर सगळं मोजून दाखवलं. विमानतळ, ताटकळणं, रस्ता. तिने भाकरी उलटली आणि म्हणाली, "बापाशीकय असाच सांगी होतंस."

माझा हिशेब तेव्हाही चुकला नव्हता, आजही चुकलेला नाही. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, तुमच्या त्या दोऱ्याच्या काडेपेटीखाली घडी करून ठेवतेय, म्हणून एवढं लिहिते. दर शुक्रवारी संध्याकाळी पुण्याहून आपल्याकडे एसटी सुटायची, बाबा, आणि जागाही मिळायची. मला रविवारी उशिरापर्यंत झोपायला आवडायचं, एवढंच.