पुस्तकात न घातलेली एक गोष्ट

४ जानेवारी
आले एकदाची. सामान वर चढवणाऱ्या दोघांनी गठ्ठे उचलताना विचारलं की बाई, यात विटा भरल्यात का. कादंबरी आहे म्हटलं, माझीच, पदरच्या पैशांनी छापलेली. विटा असत्या तर परवडलं असतं, अशा नजरेने त्यांनी एकमेकांकडे पाहिलं.

दोन खोल्या, एक गॅलरी, खाली चष्म्याचं दुकान. चष्मेवालेच घरमालक. त्यांचा अक्षरांचा तक्ता जिन्यातून दिसतो. त्यावरची सगळ्यात खालची बारीक ओळ मी चष्म्याशिवाय वाचून दाखवली आणि वर फुशारकी मारली की सव्वीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासलीत, डोळ्यांनी अजून दगा दिलेला नाही. आता काय करता, असं त्यांनी विचारलं. लेखिका आहे, असं मी सांगून टाकलं. जीभ अडखळली नाही याचं मलाच नवल वाटलं.

गठ्ठे भिंतीशी रचून वर चादर टाकली, झाली बैठक. भाचीचा फोन आला. पुस्तक छापून पलंगाखाली ठेवायचं नसतं मावशी, त्याचा गाजावाजा करावा लागतो, म्हणाली. तो ती फोनवरून करणार आहे. कसा, ते विचारायच्या भानगडीत मी पडले नाही.

गठ्ठ्यांवर ह्यांचा फोटो ठेवला. हे गेल्यावर लिहिलेलं पुस्तक ह्यांच्यावरच तर आहे. हे कुलपं दुरुस्त करायचे, चाव्या करून द्यायचे. माझ्या कादंबरीतला चावीवालाही तेच करतो आणि जाईल त्या घरातलं भांडण मिटवून येतो. (हे भांडण मिटवत नसत, लावून येत. पण कादंबरीत चालतं.) त्याचा चेहरा मात्र मी लिहिला नाही, मुद्दामच. इतक्या लेखकांची मुद्रितं वाचून एवढं शिकले की नायकाचे नाक-डोळे सांगत बसू नये, वाचक आपापला माणूस तिथे बसवतो. चावीवाल्याच्या बायकोचं वर्णन मात्र हात सैल सोडून केलं. लांब केस, गोड गळा, कधी आवाज चढवत नाही. म्हणजे मीच. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका दुरुस्त केल्या, एकदा स्वतःच्या केल्या तर कुणाचं काय गेलं?

एक गोष्ट तेवढी पुस्तकात घातली नाही. मी कामावरून घरी आले की हे दारात काय करायचे, ती. ती माझी आहे. ती छापायची नाही.

९ जानेवारी
चष्मेवाल्यांनी दुकानाच्या काचेत चार प्रती मांडल्या आणि एक स्वतः वाचायला घेतली. बोहनी झाली म्हणायची.

बाजारातून परतले तर दाराचं कुलूप उघडं. मोडलेलं नाही, नीट उघडून कडीला अडकवलेलं, तोंड भिंतीकडे करून. हे असंच अडकवायचे. मी घाईत तसंच ठेवून गेले असणार.

१२ जानेवारी
हे आलेत.

गॅलरीत उभे होते. डावा खांदा उतरलेला, डोक्यावर तेच चकचकीत टक्कल, बसकं नाक. मी खाली गेले, जिन्यातून तक्त्याची शेवटची ओळ वाचली. बरोबर वाचली. परत वर आले तर हे होतेच. अगं, एवढंच म्हणाले. आधी मी रडून घेतलं, मग भांडून घेतलं, की असं न सांगता कुणी जातं का.

हात धरायला गेले तर माझा हात आरपार गेला. चहा केला. ह्यांना कप उचलता येईना, नुसते वाफेकडे बघत बसले. असू दे. समोर बसलेत ना.

१८ जानेवारी
चष्मेवाल्यांचं पुस्तक वाचून झालं. खाली बोलावून सांगितलं की तुमचा चावीवाला अगदी डोळ्यांसमोर उभा राहतो हो. मी वर आले तर ह्यांच्या हातात कप. थरथरत होता, पण उचलला होता! मला कळायचं ते कळलं. वाचणारे वाढतील तसे हे भरत जाणार. तशीच फोनपाशी गेले आणि भाचीला सांगितलं की पुस्तक जगभर पाठव. तुझ्या अंगात काय संचारलंय, असं विचारत होती ती.

हे घोरत नाहीत आता. डाव्या कानाने ऐकू येत नसे, तेही येतं. तिकडे दुरुस्ती फुकट करतात वाटतं, अशी मी चेष्टा केली. हसले. हा कान आणि ते घोरणं मी पुस्तकात लिहिलं नव्हतं, हे आत्ता लिहिता लिहिता लक्षात आलं.

आज मुद्दाम दोनदा बाहेर जाऊन आले. हे दार उघडतात, पिशवी घेतात, बाजूला होतात. बस. ती गोष्ट नाही. विसरले असतील, सवय मोडते माणसाची.

२ फेब्रुवारी
पायांना भिंगरी लागली आहे. वाचनालय, दवाखाना, कपड्यांना इस्त्री करणाऱ्याचं दुकान, केस कापायचं दुकान, जिथे माणूस पाच मिनिटं टेकतो तिथे मी प्रत ठेवून आले. दवाखान्यातली बाई म्हणाली की पेशंट आता नंबर आला तरी उठत नाहीत. भाची सांगते की फोनवर तर लोकांनी डोक्यावर घेतलंय, नायकावर बायका फिदा आहेत. होऊ देत. ह्यांच्यावर फिदा व्हायला इतकी वर्षं मी एकटीच होते.

आज ह्यांचा हात हातात आला. उबदार. मी खांद्यावर डोकं टेकून किती वेळ बसून राहिले. मग जाणवलं की खांदा उतरलेला नाही.

१० फेब्रुवारी
केस आलेत ह्यांना. दाट, काळे. उंचीही वाढली, काल गॅलरीच्या दारात वाकून आत आले. हनुवटी थेट चष्मेवाल्यांची. त्यांनी नायकाच्या जागी स्वतःलाच बसवून घेतलेलं दिसतं. हसायला आलं. मग हसू आवरलं.

वाचक आपापला माणूस बसवतो. मीच म्हणत होते ना.

१४ फेब्रुवारी
टक्कल, बसकं नाक, उतरलेला डावा खांदा, सगळं छापून प्रतींत चिकटवायचं एक पान तयार केलं. आधी चष्मेवाल्यांना वाचायला दिलं. त्यांनी मन लावून वाचलं. वर आले तर ह्यांच्या डोक्यावर टक्कल होतं, नाक बसकं होतं, खांदा उतरलेला होता. पण ते टक्कल ह्यांचं नव्हतं. नाकही दुसऱ्याच कुणाचं. शब्द सगळे माझे होते आणि माणूस परका.

सगळी पानं फाडली. दोन दिवसांत केस परत येतील. येऊ देत.

१७ फेब्रुवारी
प्रती परत गोळा करायला निघाले. वाचनालयात एक काठीवाल्या आजी भेटल्या, पुस्तक छातीशी धरून बसलेल्या. त्या मला बोलूच देईनात. त्यांचा धाकटा भाऊ तरुणपणी रागाने घरातून निघून गेला तो परत आलाच नाही. चावीवाला वाचताना त्यांना सारखा तोच दिसला, म्हणाल्या. तशीच चाल, आणि लहानपणी झोपाळ्यावरून पडून मधोमध तुटलेली तशीच भुवई. तुझ्यामुळे तो मला भेटला गं पोरी, असं म्हणून माझा हात धरून रडल्या. मीही रडले. पुस्तक मागायला गेले होते, न मागता परत आले. कुठल्या तोंडाने मागणार? माझं जे गेलं तेच त्यांचं गेलेलं.

घरी दार उघडलं गेलं. भुवई मधोमध तुटलेली.

२० फेब्रुवारी
भाचीला सांगितलं की सगळं बंद कर, जिथे जिथे ठेवलंयस तिथून काढ. ती म्हणाली की काढून उपयोग नाही, लोकांनी एकमेकांना पाठवलंय, आणि वाचलेलं परत कसं घेणार मावशी? मग काळजीने विचारलं की तू जेवतेस ना नीट.

जेवते कुठली. रोज सकाळी चहाला समोर नवीन माणूस बसतो. बोलतो छान. माझी वाक्यं आहेत ती, मीच लिहिलेली, एक शब्द चुकत नाही. हे कधी इतकं नीट बोललेच नव्हते. अर्धं वाक्य बोलायचे आणि उरलेलं तू समज म्हणायचे.

२४ फेब्रुवारी
आज त्याने गठ्ठ्यांवरचा फोटो उचलला आणि हे कोण, असं विचारलं.

मी सांगायला तोंड उघडलं. आणि फोटोतल्या टकलू माणसाकडे बघून मला क्षणभर — कुठेतरी पाहिलंय ह्यांना, असं वाटलं. कुठेतरी पाहिलंय! बत्तीस वर्षांच्या संसारानंतर.

फोटो उशीखाली ठेवला आहे. तासातासाला काढून बघते.

आत्ता लक्षात आलं. वर मी 'त्याने' लिहिलंय. ह्यांना मी कधी 'तो' म्हटलं नव्हतं.

२७ फेब्रुवारी
मला मावशी म्हणाला.

मावशी, माझी बायको किती वाजता येते तुम्हाला माहीत आहे का, असं. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर ती कामावरून घरी येते आणि तो दार उघडतो. तो शेवट सगळ्यांना आवडलाय. त्याचीच वाट बघत असतो तो, दाराकडे तोंड करून.

मी म्हटलं की अहो, मीच ती. नीट बघा. ओरडलेच जवळजवळ. त्याने उठून मला खुर्ची दिली, पाणी दिलं. किती समजूतदारपणे. तो समजूतदारपणा मीच घातलाय त्याच्यात. ह्यांनी पाणी दिलं नसतं, म्हटलं असतं की चढला वाटतं पारा, आणि मग —

पुढचं आठवेना.

१ मार्च
दाराच्या कुलपाला तेल घालत बसलाय. गुणगुणतोय.

फणीत लांब केस सापडला. माझे मानेपर्यंत आहेत.

जिन्यात चष्मेवाल्यांनी अडवलं. विचारलं की कुणाकडे आलात. वर चावीवाला आणि त्याची बायको राहतात, म्हणाले, ती आत्ता येईलच कामावरून. मी म्हटलं, मी — मी इथली — त्यांनी मान हलवली आणि चष्मा पुसायला घेतला. तक्त्याकडे पाहिलं. शेवटची ओळ दिसली नाही. वरचीही —

कप उचलायला गेले. दोन्ही हातांनी उचलावा लागला.

२ मार्च
आतल्या खोलीत आहे. गठ्ठ्यावर वही ठेवून. पेन जड झालंय.

उशीखाली फोटो आहे. कुणाचा, ते — नाही. माहीत आहे. ह्यांचा. ह्यांचा. फोटोच्या मागे लिहून ठेवलंय मी.

जिन्यात पावलं. गोड गळ्याने कुणीतरी चष्मेवाल्यांशी बोलतंय. आवाज चढवत नाही. तो उठला.

ह्यांचा चेहरा गेला. आवाज गेला. घोरणं कसं होतं ते गेलं. दारातली ती एक गोष्ट उरली आहे, आणि तीही सकाळपासून निसटतेय, म्हणून इथे लिहिते. कुणी वाचू नका. हात जोडते. ह्यांना अजून एक चेहरा देऊ नका.

मी घरी आले की हे दार उघडायचे, आणि पिशवी घ्यायच्या आधी माझ्या कपाळावर —

बाहेर दार उघडलं. ती हसली. खुदकन, मी हसायचे अगदी तशी. मग मध्येच थांबली. पुढे काय, असं विचारतेय त्याला. त्याला माहीत नाही.

अर्धंच लिहिलं होतं. अर्धंच तिच्याकडे गेलं.

उरलेलं आहे माझ्याकडे. अजून आहे. हे माझ्या कपाळावर — नाही. नाही लिहिणार. दाराशी आलीय ती. आत डोकावतेय, वहीकडे बघतेय. मागू दे कितीही. हे तेवढं मी कुणाला —