दाराजवळच्या दोन कुंड्या

६ सप्टें., शनि.
शेजारचा रे आज त्याच्या गॅरेजात घेऊन गेला. आमची दोन्ही घरं एकाच भिंतीची, पण पलीकडे काय आहे ते आज पहिल्यांदा बघितलं. काळा तंबू, दिवा, पंखा आणि आत गांजाची चार झाडं, फुलावर आलेली. बायकोसाठी. केमोपासून लिंडाच्या पोटात काही ठरत नाही, याने दोन घास जातात म्हणे. कॅलिफोर्नियात घरात एवढी झाडं चालतात, हे त्याने मला दोनदा सांगितलं. जणू मी पोलीसच.
"तू शेतीचं शिकलीस ना? पानं पिवळी पडतायत. बघ जरा."
सनीव्हेलला आल्यापासून माझ्या विषयातलं कुणी काही विचारलं नव्हतं. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.
खालची पानं पिवळी होती. फुलावर आलं की होतंच तसं, झाड जुन्या पानांतला नत्र काढून वर फुलांना पुरवतं. काळजी करू नको म्हटलं. त्याने गॅरेजची जादा चावी देऊन ठेवली. ते हॉस्पिटलात असले की पाणी घालायला.
सुहासला सांगितलं तर चेहराच उतरला. "मेधा, ग्रीन कार्डच्या मेडिकलला ड्रग्जचं विचारतात. इथे राज्यात चालतं, फेडरलला नाही. आपण सिटिझन नाही आहोत. तू हात लावू नकोस."
फक्त पानं बघितली, म्हटलं.
"तेच म्हणतोय मी."

९ सप्टें., मंगळ.
चुकले. नुसता नत्र नाही. मधल्या पानांवर शिरा हिरव्या आणि मधली जागा पिवळी, म्हणजे मॅग्नेशियम. कडा करपलेल्या, म्हणजे पालाश. वरच्या कोवळ्या पानांवर गंजासारखे ठिपके, म्हणजे कॅल्शियम. सगळंच एकदम कमी? असं होत नाही.
आणि दाराकडच्या दोनच कुंड्यांना. आतल्या दोन ठणठणीत. खत तेच, दिवा तोच.
रेला विचारलं, या दोघांना चुकून डबल खत जातंय का? "मी सगळं मोजून घालतो," म्हणाला. जरा लागलं त्याला. शाळेत बँड शिकवायचा, बोटांनी टेबलावर ठेका धरून बोलतो. आज ठेका नव्हता.

१३ सप्टें., शनि.
रे आणि लिंडा हॉस्पिटलात. आपला पाण्याच्या फिल्टरबरोबर आलेला, पाण्यातले क्षार मोजायचा टीडीएस मीटर घेऊन गेले. चारही कुंड्यांत पाणी ओतलं, खालून गळालेलं वेगवेगळ्या वाट्यांत धरलं. आतल्या दोघींचं ठीक. दाराकडच्या दोघींचा आकडा इतका वर की मीटर बिघडला वाटलं. पुसून परत बघितलं. तेच.
मातीवर पांढरी साय आलीय. नखाने खरवडून जिभेला लावली. खारट. खताची चव अशी नसते.
म्हणजे कमी कशाचंच नाही. माती खारट झाली की मुळं पाणीच ओढू शकत नाहीत, पुढ्यात सगळं असून झाड उपाशी राहतं.
पण मीठ आलं कुठून? दारातून शिरायचं, तंबूची चेन थोडी उघडायची, हात पोचेल तिथे ओतायचं. तसंच दिसतंय. दोन्ही कुंड्या भरपूर पाण्याने धुऊन काढल्या.
रेला अजून काही बोलले नाही. आधी नीट कळू दे.

१४ सप्टें., रवि.
चावी फ्रिजवरच्या वाटीत ठेवली होती. आज ती दाराजवळच्या खिळ्याला आहे. मी नाही लावली. ईशाला विचारलं. "आय डिडंट टच इट, आई."
राहिलं कोण?
नको ते डोक्यात येतंय. स्वयंपाकघरातलं मीठ बघून आले. डबा अर्धा. आधी किती होता, कुणाला आठवतंय. स्वतःची लाज वाटली. तरी झाकण उघडून दोनदा बघितलंच.

१७ सप्टें., बुध.
विचारलं शेवटी. जेवताना नाही, ईशा क्लासला गेल्यावर.
"तू रेच्या गॅरेजात गेला होतास?"
सुहास लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणाला, "हो."
मला वाटलं होतं नाही म्हणेल.
"कशाला?"
"बघायला. आपल्या भिंतीला लागून नक्की काय आहे ते मला माहीत नको? घरमालकाला फोन करणार होतो. केला नाही."
"आणि कुंड्यांत काही घातलंस?"
आता बघितलं त्याने. "काय घातलं?"
"मीठ."
लॅपटॉप मिटला त्याने. मग म्हणाला, "एका आजारी बाईच्या औषधात मी मीठ कालवीन असं वाटतं तुला?"
हो की नाही, काहीतरी बोलायला हवं होतं. नाही बोलता आलं. लॅपटॉप उचलून आत गेला.
'नाही घातलं' असं त्यानेही म्हटलं नाही. हे आत्ता लिहिताना लक्षात येतंय.

१८ सप्टें., गुरु.
घरात कामापुरतं बोलणं. दूध आण, ईशाला घे. "आर यू गाइज फायटिंग?" तिने गाडीत विचारलं. नाही म्हटलं. "ओके. यू आर."
चावी आता माझ्या पर्समध्ये.

२१ सप्टें., रवि.
कुंड्या धुतल्यावर नवी पालवी हिरवी यायला हवी होती. मीटर परत वर. धुतल्यानंतर पुन्हा कुणीतरी ओतलंय. आणि चावी माझ्या पर्समध्ये असताना. मग सु. कसा? दुसरी चावी करून घेतली असेल? मी कुठवर जाऊन पोचलेय.
रेला मिठाचं सांगावंच लागलं. त्याने एकच विचारलं. "तुझ्याशिवाय चावी कुणाच्या हाती लागते?"
"कुणाच्याच नाही."
"तुझा नवरा मला कधी हॅलो म्हणत नाही, मेडा."
तो लाजतो, असं काहीतरी म्हणाले. 'तो असं करणार नाही' हे वाक्य जिभेवर आलं आणि तिथेच राहिलं. रेने ते बघितलं.
निघताना सांगितलं त्याने, लिंडा शुक्रवारी चक्कर येऊन पडली. अंगात पाणी कमी आहे. असंच राहिलं तर पुढची केमो लांबवणार. "पाण्याचा जग भरून पिते रोज. मी स्वतः बनवून देतो. तरी कमीच कसं?"

२२ सप्टें., सोम.
रे औषधं आणायला गेला होता. मी पाणी घालायला गेले तर कुंडीच्या काठावर मुंग्यांची रांग. नुसत्या मिठाला मुंग्या लागत नाहीत. बोट लावून चाखलं. खारट आणि गोड.
मागे वळले तर घराकडून गॅरेजात उघडणाऱ्या दारात लिंडा. डोक्याला स्कार्फ, हातात प्लास्टिकचा जग, अर्धा भरलेला. नर्सने सांगितलेलं मीठ-साखरेचं पाणी.
तिने जग खाली ठेवला. मग ती तिथल्या खुर्चीवर बसली.
"वासानेच उलटी होते मला. आणि जग रिकामा दिसला की त्याचा चेहरा कसा होतो, तू बघितलेला नाहीस."
बाथरूममध्ये का नाही ओतत, विचारलं. किती मूर्ख प्रश्न.
"मी बाथरूमला गेले की तो दाराबाहेर उभा असतो. पडेन म्हणून. इथे एकटी सोडतो. झाडं बघून मला बरं वाटतं, असं वाटतं त्याला." थोडं हसली. "वाटतंही."
रेला सांगायला हवं, म्हटलं. अंगात पाणी नाही म्हणून तर पडलात.
तिने माझं मनगट धरलं. बोटं थंडगार. "त्याला नको सांगू. मी पिईन. प्रॉमिस."
मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही.

२३ सप्टें., मंगळ.
सु.ला सगळं सांगितलं. तू नव्हतास, म्हटलं.
"म्हणजे कालपर्यंत होतो."
सॉरी म्हटलं. मान हलवली त्याने. दोघांनी मिळून भांडी आवरली. मग म्हणाला, "नर्सला तरी कळायला हवं." ते बरोबरच आहे. पण नर्सला कळलं की रेला कळणार.
लिंडासाठी कोकम सरबत करून नेलं, साखर अगदी कमी, मीठ चिमूटभर. दोन घोट प्यायली. खरंच प्यायली की माझ्यासमोर म्हणून, सांगता येत नाही.

२५ सप्टें., गुरु.
संध्याकाळी रे आला. आत आला नाही, दारातच उभा. गॅरेजचं कुलूप बदललंय म्हणाला, तेव्हा ती चावी आता टाकून दे.
"लिंडा आज परत पडली." मग माझ्या खांद्यावरून आत बघत, "मला एवढंच सांग. तुझ्या नवऱ्याने केलं का?"
सु. सोफ्यावर होता. त्याला सगळं ऐकू येत होतं. तो नुसता माझ्याकडे बघत राहिला.
"नाही," मी म्हटलं. या वेळी लगेच म्हटलं.
"मग कोणी?"
आत ये, बस, म्हटलं. तो आला. सु.ने सरकून जागा करून दिली. दोघं एका सोफ्यावर, गुडघ्यांवर हात ठेवून. मी चहाचं आधण ठेवायला म्हणून ओट्याशी गेले आणि पाणी उकळायला लागलं तरी त्यांच्याकडे पाठ करूनच उभी होते.
(एवढं लिहून थांबले होते. ईशाने हाक मारली. मग वळले आणि रेला लिंडाच्या जगाचं सगळं सांगितलं, ते लिहायचं राहिलं.)