चालशे म्हणायचं नाही

प्रिय बाबा,

सही न करता भरदुपारी कारखान्यातून निघून आलेय. आई विचारतेय, बरं नाही का? तिला काय सांगू? दोनदा उठले, दोनदा बसले, शेवटी तुम्हालाच लिहायला घेतलं.

आमचा नवा दहा चाकी ट्रक तयार झालाय. ब्रेकच्या चाचणीचा कागद माझ्या सहीसाठी अडलाय. माल भरून गाडी छान थांबली; रिकामी चालवून कुणी पाहिलीच नाही. परदेशी गाड्या बाजारात यायच्या आत आमची उतरवायची, म्हणून साहेब आपलंच घोडं पुढे दामटताहेत. "बेन, भरेली गाडी ऊभी रही गई ने? चालशे. सही करी दो."

चालशे! आपल्या दांडिया बाजारच्या घरात 'केम छो'पासून 'आवजो'पर्यंत सगळं गुजराती खपायचं, 'चालेल' म्हणणारा हा एकच शब्द वर्ज्य. एकदा आमटी खारट झाली, मी म्हटलं, "चालशे," आणि तुम्ही भरल्या ताटावरून उठलात. किती राग आला होता मला तुमचा!

त्यामागचं कारण तुमच्या तेराव्यानंतर आईने सांगितलं. पादरा रोडच्या तुमच्या गॅरेजात रमणभाई ड्रायव्हर आला होता. "काका, आगळनी ब्रेक छोडी नाखो, स्टियरिंग खेंचे छे." पुढचे ब्रेक लागले की गाडी उलटते, ही सगळ्या ड्रायव्हरांची ठाम समजूत, म्हणून ते सोडवून हवे होते. तुम्ही दोनदा नाही म्हणालात. तिसऱ्यांदा म्हणालात, "चालशे," आणि पुढचे ब्रेक सोडवून दिलेत. माल उतरवून परतताना रिकाम्या ट्रकची मागची चाकं घसरली, गाडी गर्रकन आडवी फिरली. रमणभाई घरी पोचलाच नाही.

मला का नाही सांगितलंत, बाबा? कॉलेजात असताना मी ड्रायव्हरांना अडाणी म्हणायचे, तेव्हा तुम्ही एवढंच म्हणायचात, "भरलेली गाडी कुणीही थांबवेल गं. रिकामी थांबवून दाखव." मला ती गॅरेजातली फुशारकी वाटायची. वजन नसलं की ब्रेक लागताच मागची चाकं पटकन अडकतात आणि घसरतात, हे मी पुस्तकात शिकले. तुम्ही कुठे शिकलात, हे विचारलंच नाही.

खरं सांगू? भीती वाटतेय. नोकरी जाईल याची आहेच, पण सही करून बसेन याची जास्त. मघाशी पेनाचं टोपण काढलंच होतं मी!

उद्या सकाळी रिकामी गाडी मैदानावर काढायला लावणार. ड्रायव्हरच्या शेजारी मी स्वतः बसणार. सरळ थांबली, तरच सही. आणि साहेबांनी तो शब्द पुन्हा काढला, तर तिसऱ्यांदा तुम्ही जे म्हणायला हवं होतं, ते मी म्हणेन: नहीं चाले.

तुमचीच,
मंजू