फोनातल्या दुकानानं काढलेलं नातं

लाखनीजवळून, रविवार

बपेऱ्याच्या चंद्रकांता ईहीनबाईले शकुबाईचा रामराम.

इकडे सगळे खुशाल आहेत असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. पुढं वाचलं की समजेलच. तुमचे गुडघे कसे आहेत? मी दिलेलं तेल लावून राहिल्या असालच (नसाल तरी हो म्हणाल, तुमचा स्वभाव मले माहीत आहे). पत्र पाहून म्हणाल, म्हातारीले फोन काहून नाही करता आला. करता येते. पण ज्या दुकानाशी आमचं भांडण चालू आहे ते फोनाच्या पोटातच बसून राहते, मंग त्याच्याच तोंडापुढं त्याची चहाडी कशी करू? चौथी शिकली आहे, पेन धरता येते. शेजारची दीपमाला माहेरी बपेऱ्याले चालली, तिच्या हाती पाकीट देते. डिंक लावला आहे. उघडलेलं दिसलं तर तिले काही बोलू नका, मले कळवा.

तर आपली खुशबू. माझ्या पोराची पोरगी तशी तुमच्या लेकीची, म्हणजे तिची इज्जत गेली तर अर्धी तुमची. दोन वर्षं घरात बसून तिनं रोवण्याचं अ‍ॅप बनवलं. धानाचा रोवणा आला की बायांची कोणती टोळी कोणत्या दिवशी कोणाच्या बांधीत रोपं रोवायले जाईल, ते फोनात दिसते. आधी हे टेकचंद ठेकेदार ठरवायचा. ज्यानं त्याले कोंबडा खाऊ घातला त्याचा रोवणा पहिले, बाकीच्यांची पऱ्ह्यातली रोपं जागच्या जागी म्हातारी. आता चार गावच्या बाया आपली पाळी आपणच लावतात, आणि टेकचंद पारावर बसून माश्या मारते.

मागच्या सोमवारी फोनातल्या त्या अ‍ॅपच्या दुकानाचं पत्र आलं. खुशबूचं खातं बंद, अ‍ॅप काढलं, जन्मभर परत येऊ नका. काहून? तर म्हणे, आधी हाकललेल्या एका खात्याशी तुमचं नातं आहे. कोणत्या खात्याशी, ते सांगत नाही. कसं नातं, तेही नाही. खाली कोणाची सही नाही. ईहीनबाई, सोयरीक मोडणारेही मध्यस्थाच्या कानात काहीतरी कारण घालतात. (तुम्ही आमच्या घराची चौकशी तीन गावांत केली होती, पण जे ऐकलं ते तोंडावर तरी बोलल्या.) अपील एकदाच करता येते, तेही येत्या शुक्रवारपर्यंत. रोवणा पंधरा दिवसांवर. हे हुकलं तर पाळी पुन्हा टेकचंदच्या हाती, आणि पोरीले त्या दुकानात कधीच पाय ठेवता येणार नाही. जेवून नाही राहिली. मी म्हटलं, उपाशीपोटी पत्र वाचल्यानं त्यात नाव उगवत नाही, जेव आधी.

मंग चौकशी मीच हाती घेतली. पहिला संशय टेकचंदवर. मंगळवारी आमच्या दारावरून दोनदा गेला आणि दोन्हीदा हसला. मी वाटेत आडवी उभी राहिली, म्हटलं, दाखव फोन. त्याचा फोन निघाला बटणांचा डब्बा, त्याले ते दुकान सात जन्मात दिसणार नाही. (हसला काहून, हे अजून समजलं नाही. नजर आहे.) दुसरा संशय लाखनीच्या मोबाइलवाल्या कैलाशवर. खुशबूचा लॅपटॉप त्याच्याकडूनच जुना घेतला होता. धानाच्या चुंगडीत लॅपटॉप घालून बसनं गेली (पिशवीत दिसला असता), आणि विचारलं, हा कोणाच्या घरातून आला, त्या घरात काय काय पाप झालं. तो म्हणते, आजी, हा पवनीच्या मास्तरचा होता, ते यावर परीक्षेचे पेपर छापत. मी म्हटलं, म्हणजे पापच की. पण मास्तरचं दुकानात खातंच नव्हतं.

गुरुवारी खुशबूनंच लॅपटॉप उकरून काढला, आणि आत कोण निघालं? तुमचा नातू कमलेश. दिवाळीनंतर आमच्या गावच्या जत्रेले, मंडईले आला होता, आठवा. सगळे रात्री दंडारीचं नाटक पाहायले गेले आणि हा पोटाचं निमित्त करून घरीच राहिला. तेव्हा त्यानं मामेभावाच्या हक्कानं तिच्याच लॅपटॉपावर स्वतःचं खातं उघडलं. गावठी दवाईचं अ‍ॅप. आठ दिवसांत गुडघा बरा, गॅरंटी. दुकान म्हणे पुरावा द्या. हा देईना. अ‍ॅप काढलं तर नाव बदलून पुन्हा घातलं, तीनदा, आणि मंग हाकलला गेला. एका लॅपटॉपावर बसले म्हणून दुकानानं दोघांचं कुळ एकच धरलं. असल्या दवाया त्याले कोण्या अडाणी बाईनं सांगतल्या, देव जाणे.

मी रागावली नाही. घरोघरी असा एक असतेच, फक्त तो तुमच्या घरी आहे.

तुमची,
शकुबाई

ता. क. कमलेशकडून कागदावर लिहून घ्या, की लॅपटॉप न विचारता घेतला आणि खुशबूचा त्याच्या दवायांशी काही संबंध नाही. सही आणि आधारचा फोटो. येत्या गुरुवारी पहिल्या बसनं त्याले स्वतः इकडे पाठवा. टाळाटाळ केली तर यंदाच्या मंडईले येऊ नका म्हणा.

ता. क. दुसरा. दवाया कोणी सांगतल्या असं दुकानानं विचारलं तर त्यानं ‘आजीनं’ एवढंच लिहावं. त्याची सख्खी आजी तुम्हीच. तुमचं त्या दुकानात खातं नाही, तुम्हाले हाकलून हाकलून कुठं हाकलतील?

ता. क. तिसरा. डिंक वाळायच्या आधी खुशबूनं पाकीट उघडून वाचलं. म्हणते, खोटं निघालं तर अपीलही गेलं. दवाया मीच सांगतल्या, दंडारीले मीही गेली नव्हती, लॅपटॉप मीच काढून दिला, हे सारं तिनं अपिलात माझं नाव घालून लिहून टाकलं. म्हणून कमलेशनं ‘न विचारता’ लिहू नये, आणि दुसरा ता. क. खोडला समजा. पण दुकानाले पुरावा पाहिजे होता, आणि माझ्या तेलाचा पुरावा म्हणजे तुमचे गुडघे. सहा वर्षांपासून म्हणून राहिल्या, तेलानं लय आराम आहे. खरं असेल तर तसं लिहून सही करा. तोंडदेखलं असेल तर काही लिहू नका, बाटली कमलेशच्या हाती परत पाठवा. झाकण कधी उघडलं होतं का नाही, ते मी पाहून घेईन.