तुझ्या मशीनवरची करवत

सौभाग्यवती सुमनच्या आईस,

तिकडे सगळे कसे आहेत? माझ्या आईचे गुडघे तिथे तरी कुरकुरायचे थांबले का? नानांचा खोकला? आपला तांबड्या बैल भेटला तर त्याच्या मानेवर हात फिरव. आणि तुझा दमा? तिथे जिने नसावेत, एवढीच आशा. इकडे मी बरा आहे. बरा म्हणजे, जेवतो.

परवा आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. तुझ्या नावाची पहिली घागर भरायची आहे. पाणी घ्यायला तू येशीलच, तेव्हा घरात शिरल्या शिरल्या दिसण्याआधी माझ्याकडून कळलेलं बरं. तुझ्या शिलाई मशीनची मी करवत केली.

थांब, पुढचं ऐक. करवतीला खालचं पायडल आणि चाक तेवढं घेतलं; मशीनचं डोकं नीट उतरवून तुझ्या हिरव्या लुगड्यात बांधून ठेवलंय. स्क्रू तुझ्या बटणांच्या डबीत आहेत. एकही हरवलेला नाही.

देव्हाऱ्याला जाळीचं दार हवं म्हणून तू किती मागे लागली होतीस! उंदीर फुलवाती पळवायचे आणि तू मला बोलायचीस. मागे धुळ्याला सुमनकडे गेलो, तेव्हा एका फ्रेमवाल्याकडे पायानं चालणारी करवत पाहिली. केसासारखं बारीक पातं, खाली-वर, खाली-वर, आणि लाकडातून वेल निघतेय. मी इतका वेळ उभा राहिलो की त्या बिचाऱ्यानं चहा मागवला. मनात आलं, हे तर आपल्या घरी अर्धं तयार आहे.

पण अर्धंच! वेलीचा कागद खळीनं प्लायला चिकटवला. नक्षीच्या आत शिरायचं तर आधी भोक पाडायचं आणि सुईत दोरा ओवावा तसं पातं ओवायचं. पायाकडे बघावं तर हात भरकटतो, हाताकडे बघावं तर चाक उलटं फिरतं आणि पातं तटकन तुटतं. पानं सगळी बकरीनं चावल्यासारखी. तू तर शिवता शिवता दारातल्या बायांशी गप्पा मारायचीस. कसं जमायचं गं तुला?

सुमन आखाजीसाठी चार दिवस आधीच आली, ती मशीन न्यायच्या इराद्यानंच. धुळ्यात तिला ब्लाऊज शिवायचं काम मिळतंय. हातातली पिशवी खाली ठेवायच्या आधी म्हणाली, "बाबा, मायच्या मशीनचं हे काय करी ठेवलं तुम्ही?" भाकरी वाढली, पण ताटाकडे बघून.

काल दुपारी पुन्हा पातं तुटलं. ती चुलीपासून उठली, हात पुसत आली आणि मला उठवून स्टुलावर बसली. पाय पायडलवर ठेवले. मी नवं पातं लावलं, समोर उभा राहून फळी धरली.

"ढकलू नका," म्हणाली. "तिले तिच्या चालीनं जाऊ द्या."

तुझेच शब्द, तुझाच सूर. तिचे पाय, माझे हात, आणि पहिलं पान अखंड सुटलं. तेवढ्यात शेजारची कमल दारात आली, हातात ब्लाऊजचं कापड. पायडलचा आवाज ऐकून सवयीनं उचलून आणलं होतं. आम्हाला बघून तशीच उभी राहिली, मग पदर तोंडाला लावून परत गेली.

खरं सांगू? दार हे निमित्त होतं. मला घरात तो आवाज हवा होता. तू गेल्यापासून एका जागी बूड टेकत नाही. खळ्यात जातो, परत येतो, उगाच पाणी पितो. आणि आता मशीन धुळ्याला गेलं की पुन्हा तेच. नको म्हणावंसं वाटतं. पण पोरीचं पोट त्यावर चालायचं, नको कसं म्हणू?

तेव्हा शब्द देतो. आखाजी झाली की डोकं माझ्या हातानं बसवीन, तेल घालीन, एसटीच्या टपावर स्वतः बांधून देईन. जाळीची उरलेली पानं हातकरवतीनं कापीन. वाकडी आली तर चालवून घे.

उत्तर लवकर पाठव. स्वप्नात येऊन दोन शब्द बोललीस तरी पुरे. पण सुमन जायच्या आत ये. एकदा ती गेली की घर फार गप्प होईल.

तुझा,
सुमनचे बाबा
असोदा